सहकुटुंब वाचण्याजोगं

शीलाला चहा चांगला येतो, ही गोष्ट नंदुरबारच्या महिला वाचक मंडळात एकदा सिद्ध झाली आणि बाईचं वाटोळं झालं.

मंडळात समित्या दोनच. एक पुस्तक निवड समिती. हिच्यातल्या बाया खुर्चीवर बसून चष्म्याच्या वरून बोलतात. दुसरी चहापाणी समिती, हिच्यातल्या बाया उभ्या असतात. शीला आधी पहिलीत होती. मग तिनं ते वासराचं पुस्तक निवडलं.

त्याचं असं आहे, की दर संक्रांतीच्या आधी मंडळ एका पुस्तकावर 'सहकुटुंब' असा जांभळा शिक्का मारतं. म्हणजे काय, तर सासूसासरे, लेकरंबाळं सगळी बसलेली असताना हे खुशाल मोठ्यानं वाचा, कुणाला खाली मान घालावी लागणार नाही, ही मंडळाची हमी. त्या शिक्क्यावर भरवसा ठेवून शहरातल्या कॉलन्यांपासून तापीकाठच्या गावांपर्यंतच्या बाया डोळे मिटून पुस्तक घेतात. वासराच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गाय होती, वासरू होतं, मागे सूर्य उगवत होता. याहून सहकुटुंब काय असणार? शीलानं पहिलं प्रकरण वाचलं, शेवटचं वाचलं, मधलं चाळलं आणि शिफारस ठोकून दिली. चाळताना नेमकं तिसरं प्रकरण निसटलं. तिसऱ्या प्रकरणात गोठा होता, पण गोठ्यात गाय नव्हती. वहिनी आणि दीर होते.

पुढचं काय सांगावं! शहाद्याच्या एका सासूनं भरल्या घरात वाचन थांबवून विचारलं, "हाई कोनी निवडं व माय?" सारंगखेड्याच्या एका सुनेनं प्रसंगावधान राखून दोन पानं एकदम उलटली, तर आजोबाच म्हणाले, "मधलं पान कोठे गयं? मांघे जाय." मंडळाच्या फोनला आठवडाभर उसंत नव्हती. शीलाच्या हातातून पेन गेलं आणि किटली आली.

मंडळाच्या अध्यक्ष प्रिस्किला सिस्टर. मूळच्या खांडबाऱ्याच्या, सरकारी दवाखान्यात उभी हयात नर्स म्हणून काढलेल्या. रोग्यानं 'दुखतंय' म्हटलं की 'कुठं, कधीपासून, दाबल्यावर का न दाबता' असं विचारायची त्यांना सवय, आणि पुस्तकांच्या बाबतीतही त्या तशाच. यंदा दिवाळीनंतर त्यांनी शीलाला बाजूला बोलावलं आणि तीन पुस्तकं हातात ठेवली.

"ही एकटीनं वाचायची नाहीत. घरात, सगळ्यांपुढं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कोणावर काय परिणाम झाला ते लिहून आण. त्यातून एक निवड. शिक्का त्यावरच मारू."

"आणि चुकलं तर, सिस्टर?"

"चहा तू छान करतेस गं," सिस्टर इतक्या मायेनं म्हणाल्या, की शीलानं तिन्ही पुस्तकं लगेच पिशवीत घातली.

हसण्यावारी नेऊ नका. बीएच्या शेवटच्या वर्षाला लग्न होऊन शीला या घरात आली, तेव्हा घरातलं छापील वाङ्मय म्हणजे खताची गोणी. नवरा नवनीत कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, त्याला दिवसभर आकडे. सासूला, सिंधुबाईला, वाचता येत नाही. सासरे दोधूआप्पा सुनेशी थेट बोलत नाहीत, मध्ये कुणीतरी लागतं. 'तिले सांग, पानी ठेव,' असं मुलाला सांगणार, आणि सून समोर उभी! भांडण काही नाही हो, जुनी रीत. अशा घरातून महिन्यातून एकदा बस धरून ती नंदुरबारला जायची, कारण तिथं बायका तिला विचारायच्या की हे पुस्तक तुला कसं वाटलं. ती खुर्ची गेली तर तिला दुसरीकडे कुठे कोण विचारणार होतं?

तर चाचणी सुरू झाली. पहिलं पुस्तक एका राजाचं. रात्रीच्या जेवणानंतर शीला वाचायला बसली. लढाई ऐन रंगात आली आणि नवनीत घोरायला लागला. सिंधुबाईनं मात्र नेटानं ऐकलं आणि शेवटी निकाल दिला, "इतला मोठा राजा, पन त्याना घरमा भाजी कोन निवडस ते एकदाव बी सांगं नही." राजा नापास.

दुसरं उपदेशाचं. पहाटे चारला उठा, आयुष्य बदला, असं त्यात होतं. आप्पा जन्मभर चारला उठतात आणि आयुष्य आहे तिथंच आहे. ते नवनीतला म्हणाले, "तिले सांग, त्या लिखनाराले म्हना, इतला लवकर उठस तं मन्ही म्हैस दोही दे." तेही नापास.

उरलं एकच. शीलानं ते उशाशी घेऊन ठेवलं, आणि मधल्या काळात मिरचीचा हंगाम आला.

आता नंदुरबारकडची मिरची तुम्हाला सांगायला नको. वावरातली लाल मिरची घरी आली की पत्र्याच्या शेडमध्ये ढीग पडतो, आणि सगळं घर भोवती बसून देठ खुडतं. हात चालू, तोंडं मोकळी. शीलानं विचार केला, माणसं आयतीच बसलेली आहेत, कुणाला झोप येणार नाही, उठून जाता येणार नाही. याहून चांगली बैठक कुठं मिळायची? तिनं आपली मिरच्यांची पाटी नवनीतपुढं सरकवली, हात धुतले आणि तिसरं पुस्तक उघडलं.

गोष्ट साधी होती. दोन भाऊ, मध्ये एक विहीर, विहिरीवरून भांडण. बोलणं बंद, चुली वेगळ्या. त्यांना एक बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तशी ती आली. पिशवी घेऊन बोळात उभी राहिली. एका बाजूला थोरल्याचं दार, एका बाजूला धाकट्याचं. थोरल्याला वाटलं, ही धाकट्याकडे जाणार. धाकट्याला वाटलं, थोरल्याकडे. दोघांनीही दाराआडून पाहिलं आणि हाक कुणीच मारली नाही.

"अरे हाक मार ना रे, मुडद्या!" सिंधुबाई पुस्तकावर ओरडली. "बहीन शे ना ती तुन्ही!"

बहीण जरा वेळ उभी राहिली आणि परतीच्या बसला बसून निघून गेली. शीलानं पान उलटताना वर पाहिलं, तर काय! सिंधुबाई पदरानं डोळे टिपतेय. नवनीत, जो स्वतःच्या बहिणीच्या पाठवणीला मंडपवाल्याशी हिशेब करत बसला होता, तो नाक शिंकरतोय. आणि दोधूआप्पा! आप्पांच्या गालांवरून धार लागलेली. ते उठले, हौदावर गेले, तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ तिकडेच पाठमोरे उभे राहिले. शीलाच्या स्वतःच्या डोळ्यांत इतकं पाणी, की पुढची ओळ दिसेना. तिला तर रडता रडता हसूच आलं. पुस्तक सापडलं होतं!

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, समोर मिरचीचा डोंगर, तिला कळू नये? अहो, हंगामात अख्खा गाव नाक पुसत हिंडत असतो. कोणी कुणाला 'का रडतोस' म्हणून विचारत नाही. मिरचीचा वास पाहुण्याला येतो, घरच्याला नाही. शीलाच्या ते मनातसुद्धा आलं नाही. तिनं एकटाकी परीक्षण लिहिलं. 'आमच्या घरी अश्रूंचा पूर आला. ज्यांनी आयुष्यात कधी डोळ्याला पदर लावला नाही, ती माणसं हुंदक्यांनी शिंकत होती.' हुंदक्यांनी शिंकत होती! लिहिलं तेव्हा तिला फार आवडलं होतं ते वाक्य.

समितीनं परीक्षण वाचलं, पुस्तक वाचलं, त्यात वहिनी गोठ्यात जात नाही याची दोनदा खात्री केली, आणि शिक्का मारला. शीलाला खुर्ची परत मिळाली. किटली दुसऱ्या कुणाकडे गेली. संक्रांतीला घरोघर पुस्तक पोचलं.

आणि मग मंडळात फूट पडली.

गावांकडून निरोप येऊ लागले ते असे, की काय पुस्तक आहे, आमच्याकडे लहानथोर ढसाढसा रडले. कोरिटहून एका बाईनं कळवलं, शेजारी भेटायला आले तेही रडले, त्यांनी तर गोष्ट ऐकलीसुद्धा नव्हती. याउलट कॉलनीतल्या बाया म्हणाल्या, बरं आहे, ठीक आहे, पण रडायला कुणाला आलं नाही. झालं! गावाकडच्या म्हणाल्या, कॉलनीवाल्यांच्या छातीत काळजाच्या जागी सिमेंट भरलेलं आहे. कॉलनीवाल्या म्हणाल्या, खेड्यातल्या माणसाला काय, जाहिरात दाखवली तरी रडतो. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात दोन्ही पक्ष वेगवेगळ्या सतरंज्यांवर बसले.

प्रिस्किला सिस्टरांनी शीलाचं परीक्षण पुन्हा काढून वाचलं. नंतर तिला फोन केला.

"शीला, हे शिंकणं काय आहे?"

"म्हणजे... भावना अनावर झाल्या, सिस्टर."

"मी जन्मभर वॉर्डात माणसं रडताना पाहिली. दुःखानं शिंकणारा माणूस मला अजून भेटायचाय. घसा खवखवत होता?"

"थोडासा."

"नाकातून पाणी?"

"हो."

"वाचताना घरातल्यांच्या हातात काय होतं?"

 शीला अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मिरच्या."

पलीकडे सिस्टरांनी एक मोठा उसासा सोडला. मग म्हणाल्या, "रविवारी मंडळाची सभा आहे. सगळ्या गावांच्या बाया येतील. तू घरच्यांना घेऊन ये. तिथं तोच भाग वाच. मिरची नाही, काही नाही. खरं काय ते सगळ्यांसमोर होऊ दे. नाहीतर शिक्का मागे घ्यावा लागेल, आणि तुलाही समितीत ठेवता येणार नाही. मला वाईट वाटेल, पण दोनदा चूक कशी चालेल?"

 तरी शीलाच्या मनात एक आशा होती. कोण जाणे, मिरचीही असेल आणि गोष्टही असेल. तिनं संध्याकाळी नवनीतला गाठलं. "खरं सांगा, त्या दिशी तुम्ही रडनात का?"

"मी?" नवनीत दचकलाच. "मी कसाले रडसू? मिरची व्हती ना!"

सासूकडे गेली. सिंधुबाई म्हणाली, "मिरचीच व्हई व माय. डोयामा जास ती." आणि वर तिनंच नवऱ्याला ओरडून विचारलं, "अहो, तुम्ही रडनात का त्या दिशी?" ओट्यावरून आप्पांचा आवाज आला, "मिरची!" एवढं म्हणून ते म्हशीकडे निघून गेले.

आशा संपली. रात्री शीलाला स्वतःचीच लाज वाटत राहिली. आपल्याला पुस्तकातलं काही कळत नाही, सिस्टर उगाच संधी देत होत्या, असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि ती रडली. त्या रडण्यात मिरचीचा काही संबंध नव्हता.

रविवारी सगळे नंदुरबारला आले. आप्पा कशाला येतील असं शीलाला वाटलं होतं, पण ते सकाळीच टोपी घालून तयार होऊन ओट्यावर बसले होते. सभागृह गच्च भरलेलं. गावाकडच्या डावीकडे, कॉलनीच्या उजवीकडे, मधली वाट मोकळी. सिस्टर समोर टेबलाशी, हातात पेन. पुरुषमाणसं दोनच, नवनीत आणि आप्पा, तेही मागं भिंतीलगतच्या खुर्च्यांवर.

शीला उभी राहिली आणि वाचू लागली. विहीर झाली, भांडण झालं, चुली वेगळ्या झाल्या. तिनं चोरून वर पाहिलं. सगळ्यांचे डोळे कोरडे ठणठणीत. उजवीकडच्या बाया एकमेकींकडे पाहून भुवया उडवत होत्या. डावीकडच्या आपल्या अब्रूखातर रडायचा प्रयत्न करत होत्या, एकीनं तर चिमटा काढून घेतला. तशातच वाचत वाचत शीला आखाजीपर्यंत आली. बहीण बोळात उभी राहिली. थोरल्यानं दाराआडून पाहिलं.

"हाक मार ना रे, मुडद्या!"

सिंधुबाई! तिला सभा आहे, माणसं आहेत, कशाचं भान राहिलं नव्हतं. हॉलमध्ये हशा पिकला. तेवढ्यात उजवीकडून, हो, कॉलनीतून, एक बाई म्हणाली, "थोरल्यानंच का? धाकट्याला तोंड नाही का?"

"थोरला शे ना तो! मान त्याना शे!"

"मानाचं काय घेऊन बसलात, आजी? विहीर बळकावली तेव्हा कुठं गेला होता मान?"

मग कोण कुणाला आवरणार! कॉलनी आणि गाव विसरून बाया थोरल्याच्या आणि धाकट्याच्या बाजूनं उठल्या. बहिणीनंच सरळ आत जायला हवं होतं असं एकीचं मत पडलं, तर दुसरी म्हणाली, न बोलावता जाऊन बघ एकदा माहेरी, मग सांग. शीला पुस्तक हातात धरून उभीच. सिस्टरांनी टेबलावर पेन आपटलं तेव्हा कुठं शांतता झाली.

"भांडलात छान," त्या म्हणाल्या. "पण प्रश्न तो नाही. शीलानं लिहून दिलं होतं की घरची माणसं रडली. त्यावर आपण शिक्का मारला. इथं मला कुणी रडलेलं दिसत नाही. शीला, तूच सांग. तुझ्या घरी रडले ते गोष्टीनं की मिरचीनं?"

शीलानं खाली पाहिलं. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, नाही असं नाही. पण नवनीत समोर, सासू समोर. "घरचे म्हणतात मिरचीनं," ती म्हणाली. "मी चुकले, सिस्टर."

सिस्टर कागदावर काहीतरी लिहू लागल्या. आणि तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दोधूआप्पा उभे राहिले होते. एवढ्या बायांच्या सभेत बोलायचं म्हणून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, घसा खाकरला. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. ते सिस्टरांकडे पाहून बोलले.

"बाई, मी दोधू. तिना सासरा. मी जलमभर मिरची पिकाडी. मिरची माले काय करी?"

"पण तुमच्याच घरचे म्हणाले..."

"म्हननात. मी बी म्हननू. माणूसना जातले रडानी लाज वाटस." आप्पांनी भिंतीचा आधार घेतला. "मी रडनू. लिखी ल्या."

डावीकडच्या, उजवीकडच्या, सगळ्या माना मागं वळल्या. पण सिस्टर त्या सिस्टर. त्यांनी चष्मा सारखा करून विचारलं, "शिंका?"

"शिंका मिरचीन्या व्हत्यात," आप्पा म्हणाले. "पानी मन्हं व्हतं."

नवनीत बापाकडे पाहतच राहिला, मग इकडेतिकडे बघत हळूच हात वर करून म्हणाला, "थोडंसं मन्हं बी." सिंधुबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती अशी काही रडू लागली, की उजवीकडच्या एका बाईनं उठून येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्या बाईलाही राहवेना. शीलाला तर काही दिसतच नव्हतं.

सिस्टरांनी लिहिलेली ओळ खोडली. "शिक्का राहील," त्या म्हणाल्या. "शीला समितीत राहील. पुढच्या खेपेला परीक्षणात शिंका वेगळ्या लिहायच्या."

सभा संपली. शीला धडपडत बाहेर आली. आप्पांशी काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय बोलणार, आणि मध्ये कुणाला घालून बोलणार? आप्पा फाटकाशी उभे होते. त्यांना एक बहीण होती, अक्कलकुव्याला दिलेली, तुळशीबाई. वडील गेल्यावर वावरातला वाटा सोडल्याच्या कागदावर आप्पांनी तिची सही मागितली होती. तिनं एक शब्द न बोलता सही करून दिली. भांडण झालं असतं तर कधीच मिटलं असतं, पण ती भांडलीच नाही, आणि तेव्हापासून तिला आखाजीचं बोलावणं धाडायला आप्पांना तोंड नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"तुळशीले फोन लाव," आप्पा नवनीतला म्हणाले.

"काय सांगू?"

"सांगू नको काही. लाव, आन मन्हा हातमा दे."

नवनीतनं लावून दिला. आप्पांनी मोबाईल हातभर लांब धरला आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं बोलायला लागले. "तुळशी? मी दोधू! ... नही व, कोनी मरेल नही! ... सिंधु बरी शे. ... मी बी बरा शे. ... अव, कोनीच मरेल नही, तू आधी ऐक! ... आखाजीले ये. ... हां. आखाजीले. ये म्हनी ऱ्हायनू मी."

मग पलीकडचं ऐकता ऐकता त्यांच्या गालांवरून पुन्हा धार लागली. आप्पा मोबाईल कानाला घट्ट लावून उभे राहिले, आणि यावेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

मागून प्रिस्किला सिस्टर आल्या होत्या. परीक्षणाचा कागद अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी आप्पांकडे पाहिलं आणि शीलाला हळू आवाजात विचारलं, "हे पण लिहायचं का गं?"

"नको, सिस्टर," शीला म्हणाली. "हे नाही लिहायचं."

सिस्टरांनी मान हलवली आणि पेन पर्समध्ये ठेवून दिलं.